रणजीत वर्माची बाजू

उज्जैन

चि. बाळास,


तुझं पत्र पोचलं. लंडनला गेल्यापासून ‘फॉल्टी टॉवर्स’चे बाराही भाग पाहून झाले, आणि जॉन क्लीझसारखा विनोदी नट दुसरा नाही, असं तू लिहितोस. थोर तर तो आहेच. बंद पडलेल्या गाडीला तीन आकडे मोजून तंबी देतो आणि मग झाडाची फांदी आणून तिला झोडपतो, तो प्रसंग मीही पाहिलाय. हसून डोळ्यांत पाणी आलं. पण ‘आपल्याकडे या तोडीचं काही झालंच नाही’ हे तुझं वाक्य मला पटलेलं नाही. उज्जैनच्या घरात वाढलेल्या मुलानं तर ते लिहायलाच नको होतं.

‘ये जो है ज़िंदगी’ ही मालिका दूरदर्शनवर आली १९८४ साली. रणजीत वर्मा, त्याची बायको रेणू आणि घरात ठाण मांडून बसलेला मेव्हणा राजा, एवढाच संसार. दिग्दर्शनात कुंदन शाह, शीर्षकगीत किशोरकुमारचं. आणि लिहिणारे शरद जोशी, २१ मे १९३१ ला आपल्या उज्जैनमध्ये जन्मलेले. हिंदीतले लेखक म्हणून आपल्या मराठी घरांनी त्यांना जरा लांबच ठेवलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

‘फॉल्टी टॉवर्स’मधला क्लीझचा बॅसिल संतापला की त्याचे लांबलचक हातपायसुद्धा संतापतात. शफी इनामदारचा रणजीत याच्या अगदी उलटा. दर भागात सतीश शाह नवं सोंग घेऊन दारात उभे, कचेरीत टिकू तलसानियांचा साहेब आरडाओरडा करणारा. रणजीत ऐकून घेतो. चेहऱ्यावर समजूतदार माणसाचं हसू असतं. ते तसंच राहतं, फक्त डोळे रेणूकडे वळतात. मग खालच्या पट्टीत एखादं साधं वाक्य येतं, आणि आपण हसत सुटतो. त्याच्या घरावर आपला विश्वास बसलेला असतो, म्हणूनच आलेला पाहुणा विक्षिप्त वाटतो. गाण्यात तंबोऱ्याचं जे काम, ते या मालिकेत शफीनं केलं. माझ्या मते बॅसिल साकारण्याइतकंच हे अवघड आहे, आणि त्याला टाळ्या मात्र कमी मिळतात. २०२५ च्या ऑक्टोबरात सतीश शाह गेले तेव्हा त्यांच्या त्या सोंगांची आठवण पुष्कळांनी काढली, काढायलाच हवी होती. रणजीतचं नाव मात्र मला कुठं वाचायला मिळालं नाही.

ही खालची पट्टी नटाची खरी, पण कागदावरही ती होतीच. शरद जोशी कविसंमेलनात गद्य वाचायचे! आजूबाजूला गळा काढून गाणारे कवी, आणि हे हातात कागद धरून व्यंग्य वाचतायत, लोक पोट धरून हसतायत. ज्याला रोज कानांसाठी लिहायचंय त्याला नटानं कुठं थांबायचं ते नेमकं कळतं. मध्य प्रदेश सरकारची नोकरी सोडून हा माणूस लेखणीवर जगला; ‘नवभारत टाइम्स’मधलं ‘प्रतिदिन’ हे त्यांचं सदर वाचून दिवस सुरू करणारे कितीतरी होते. स्वतः न हसता समोरच्याला लोळवायची आपल्या माळव्याच्या ओट्यांवरची रीत मला त्यांच्या संवादांत स्पष्ट ऐकू येते.

आणि शफी तर आपल्या कोकणातला, दापोलीकडचा. रंगभूमीवर मुरलेला. ‘अर्धसत्य’मधला इन्स्पेक्टर हैदर अली आठवून बघ, तोही असाच आवाज न चढवता बोलतो. त्याची बायको भक्ती बर्वे, म्हणजे आपली फुलराणी. शॉच्या इंग्रज मुलीला पुलंनी मराठी केलं आणि भक्तीनं ती अजरामर केली. ‘जाने भी दो यारों’त कुंदन शाहांनी तिला आणि सतीश शाहांना घेतलं होतं. पुढच्याच वर्षी ही मालिका आली. नाटकातून आलेली, एकमेकांना ओळखणारी ही माणसं होती, म्हणून त्या संवादांत घाई नाही. शफी गेला १३ मार्च १९९६ ला, अवघ्या पन्नाशीत. त्या रात्री ईडन गार्डन्सवर आपण श्रीलंकेकडून हरलो होतो आणि सगळा देश त्याच दुःखात होता.

इथं दर १ एप्रिलला टेपा संमेलन भरतं, हास्यव्यंग्याला गर्दी लोटते. त्या दिवशी मोठ्या पडद्यावर या मालिकेचा एखादा भाग दाखवावा, अशी माझी फार इच्छा आहे. हसणं या गावाला कुणी शिकवायला नको, पण ते लिहिणारा आपल्यातलाच होता हे इथल्या पोरांना कळायला हवं.

तू भाग शोधून पाहा. पहिल्यांदा मनसोक्त हसून घे. दुसऱ्यांदा पाहशील तेव्हा सतीश शाह बोलत असताना रणजीतकडे बघ, आणि काय दिसलं ते मला सविस्तर लिही. थंडीत कानाला मफलर बांधत जा.

तुझी,
आत्या