‘व्हेरी गुड’

दिवाळीच्या पहाटे वडील लावीत ती भीमसेन जोशींची एल.पी. तबकडी घर बदलताना उन्हात राहून वाकली. यंदा आईसाठी मी तशीच जुनी तबकडी इंटरनेटवरून मागवली. शेरा होता ‘व्हेरी गुड’! शाळेत या शेऱ्यावर आम्ही पेढे वाटले असते. तबकड्यांच्या बाजारात त्याचा अर्थ ‘खरखर ऐकू येईल’, आणि नुसता ‘गुड’ म्हणजे जवळजवळ नापासच! त्यातून विकणारे पुष्कळदा तबकडी दिव्याखाली धरून पाहतात, वाजवून नव्हे. वरवरचा ओरखडा कधी मुका असतो; जड सुईने झिजलेली तबकडी मात्र चकाकते आणि फोडणीसारखी तडतडते. आमचीही तडतडली. परत पाठवायला मी खोके बांधू लागलो, तर आई म्हणाली, “राहू दे रे. ह्यांची तरी कुठं धड वाजत होती?”