हुकमाच्या अलीकडे

परेडच्या मैदानावर हुकूम दोन तुकड्यांत येतो. 'दाहिने' म्हणून आवाज लांबवायचा, क्षणभर थांबायचं आणि मग 'मुड'. पहिल्या तुकड्यात काय करायचं ते कळतं, दुसऱ्यात आता करायचं हे कळतं. मधली पोकळी श्वासाएवढीच असते. रांगेत उभी होते तोवर तिची मला जाणीवही नव्हती, कारण ती माझी नव्हतीच. उस्ताद ओरडायचे, टाच फिरायची. पहिल्यांदा मी रांगेबाहेर येऊन तुकडीसमोर उभी राहिले, 'दाहिने' म्हणाले, आणि समोरच्या सगळ्या मुली माझ्याकडे न बघता माझी वाट बघत थांबल्या, तेव्हा ती पोकळी किती मोठी असते ते समजलं. मी 'मुड' म्हणेपर्यंत कुणी हलणार नव्हतं. ती शांतता मी धरून ठेवली होती. आनंद झाला आणि त्याच क्षणी पोटात गोळा आला. दोन्ही खरं होतं.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्याबरोबर चालतो आहे. पदवीचं शेवटचं वर्ष सुरू आहे. राष्ट्रीय छात्र सेनेचं, म्हणजे सगळे म्हणतात तसं एनसीसीचं, हे तिसरं वर्ष. सी प्रमाणपत्राची परीक्षा चांगल्या श्रेणीत पार पडली आणि पदवीला पन्नास टक्के मिळाले, तर लेखी परीक्षा न देता थेट सैन्याच्या निवड मंडळापुढे मुलाखतीला जाता येतं. तिथून निवड झाली तर चेन्नईची अकादमी, 49 आठवड्यांचं प्रशिक्षण आणि खांद्यावर दोन तारे. या वाटेने मुलींसाठी असलेल्या जागा हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच. पण माझी अडचण जागांची नाही. दार उघडं आहे, आत जायचं का, हे ठरवायचं आहे.

कॉलेजात एनसीसीत येणाऱ्या बहुतेक मुलींचं कारण साधं असतं. पोलीस भरतीत प्रमाणपत्राचे वाढीव गुण मिळतात. काहींना खाकी आवडते, काहींना कॅम्पच्या निमित्ताने घराबाहेर झोपायला मिळतं. मीही काही थोर हेतू घेऊन आले नव्हते. सातारच्या जुलैत, अजिंक्यतारा ढगात बुडालेला असताना, चिखलाने भरलेले बूट घेऊन घरी यायचं. रात्री ओल्या चामड्यावर वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि सकाळी पॉलिशला बसायचं. बोटाला फडकं घट्ट गुंडाळून, पाण्याचा एक थेंब घेऊन, टोकावर छोटी छोटी वर्तुळं फिरवत राहायचं. आधी चामडं मंद होतं, वाटतं बिघडवलं आपण. मग कधीतरी त्या धुरकट थराखालून खिडकी दिसायला लागते, खिडकीचे गज, आणि शेवटी आपला चेहरा. आबा माझ्या बाजूला बसून बघायचे. बोलायचे नाहीत. पॉलिश कमी पडलं तर फक्त डबी माझ्याकडे सरकवायचे.

आबा म्हणजे माझे आजोबा. सातवी शिकून 1968 साली मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, बेळगावात घडले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. चीनशी झालेल्या युद्धानंतर 1963 मध्ये देशातल्या कॉलेजांत एनसीसी सक्तीची झाली होती आणि 1968 मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. म्हणजे ज्या वर्षी कॉलेजातल्या मुलांची परेड सुटली, त्याच वर्षी कॉलेजाची पायरी न चढलेल्या आबांची सुरू झाली. या दोन तारखा मी एकाच पानावर लिहिल्या होत्या, अभ्यासाच्या वहीत, आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले होते.

आमचा सगळा मुलूखच असा आहे. शेजारचं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण गेले. त्यांच्या नावाचा दगड आजही तिथे आहे. कोरेगाव, कराड, खटाव, कुठेही जा, घरात एखादा फोटो गणवेशातला असतोच. पण त्या फोटोंतल्या बाह्या आणि खांदे नीट बघा. नाईक, हवालदार, फार तर सुभेदार. साहेब विरळा. राज्य सरकारला हे दिसलं होतं, म्हणून तर 1977 मध्ये औरंगाबादला मुलांना अधिकारी होण्यासाठी तयार करणारी संस्था निघाली. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला निघायला 2023 उजाडलं. इथल्या मातीने माणसं द्यायला कधी मागेपुढे पाहिलं नाही. हुकूम मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी दिला.

म्हणून माझा प्रश्न देशासाठी मरायला तयार आहेस का, असा नाही. तो प्रश्न भाषणांत विचारतात आणि त्याचं उत्तर टाळ्यांत देता येतं. माझा प्रश्न वेगळा आहे. माझ्या शब्दावर दुसरं कुणीतरी उठून पुढे जाईल, आणि मी तो शब्द उच्चारू शकेन का?

हे कुणाला सांगायला गेलं की लोक समजूत घालायला लागतात. मुलगी आहे, मन हळवं आहे, असं. मला ते पटत नाही. ज्याला हा प्रश्न पडत नाही, अशा माणसाच्या हाताखाली आबांनी नोकरी केलेली मला आवडली नसती.

माझा चुलतभाऊ माझ्याहून लहान आहे. बारावी झाला आणि अग्निवीर भरतीसाठी पहाटे कालव्याच्या रस्त्यावर पळतो. 1600 मीटर. कितीदा तरी मी बांधावर उभी राहून मोबाइलवर त्याची वेळ लावली आहे. धापा टाकत येतो आणि आधी आकडा विचारतो, मग पाणी. त्याची निवड झाली तर चार वर्षं. त्यानंतर फार तर चारातल्या एकाला सैन्यात ठेवतात. माझी झाली तर किमान दहा वर्षं, मागितली तर आणखी चार, आणि प्रशिक्षणातच दरमहा 56,100 रुपये विद्यावेतन. दोघंही एकाच आडातलं पाणी प्यालो. तो माझ्यापेक्षा जोरात पळतो, उसाचं ओझं माझ्या दुप्पट उचलतो, रात्री कुत्री भुंकली तर काठी घेऊन तोच बाहेर पडतो. आमच्यातला फरक एवढाच की माझ्या कॉलेजच्या फीची सोय झाली आणि त्याच्या वेळी काकांच्या आजारपणात पैसा गेला. मी इंग्रजीत दोन वाक्यं नीट बोलते, तो अडखळतो. या एवढ्याशा फरकावर उद्या तो मला सॅल्यूट करणार. त्याने हे हसत सांगितलं, "ताई, मग तुला जय हिंद म्हणायला लागंल." मला हसता आलं नाही. त्याचा सॅल्यूट घ्यायचा तर तो कमवायला हवा, आणि त्याला इंग्रजी पुरणार नाही.

मी आबांना विचारलं ते याच दिवसांत. चांगला साहेब कसा असतो? आबा लढाईबद्दल फारसं बोलत नाहीत. डिसेंबर 1971 मध्ये त्यांची पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागच्या बाजूला जाऊन बसली होती, कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली. शहरातल्या पाकिस्तानी फौजेची परतीची वाट त्यांनी अडवली होती. 10 डिसेंबरच्या रात्री ती फौज बाहेर पडायला बघत होती, आणि अकरा तारखेला जमालपूर पडलं. हे सगळं पुस्तकांत आहे. आबांनी सांगितलं ते पुस्तकांत नाही.

"आमचा लेफ्टनंट बारका पोरगा व्हता. मिसरूड नुकतं फुटलेलं. माझ्याहून दोनेक वर्सानं मोठा असंल. खंदकात माझ्या शेजारी पडलेला. समोरनं माणसं येतायत, बुटांचा आवाज येतोय, आन हा म्हणतोय, मी म्हणेपतूर कुणी बोट हलवायचं न्हाय. लई वेळ गेला बघ. मला वाटलं, ह्यो घाबरला, ह्याच्या तोंडनं शब्दच फुटंना. मग बघितलं तर त्याचा हात माझ्या पाठीवर व्हता. दाबून धरलेला. मला धीर द्यायला का सोताला, त्ये कळलं न्हाय."

परेडच्या मैदानावरची ती श्वासाएवढी पोकळी मला तेव्हा आठवली, आणि अंगावर काटा आला. तिथे फक्त टाच फिरायची असते.

पण आबांच्या लेखी साहेबाचं मोठेपण त्या रात्रीचं नाहीच. ते दोन-तीन दिवसांनंतरचं आहे. सेक्शनमधले दोघे गेले होते. लेफ्टनंट मराठी मुलखातला नव्हता. बोलायला शिकला होता, लिहायला नाही. घरी पत्रं पाठवायची म्हणून त्याने आबांना बसवलं. तो सांगत गेला, आबा लिहीत गेले. शौर्य, कर्तव्य, असं ठरलेलं दोन ओळींत झालं. मग तो थांबला आणि म्हणाला, त्या संध्याकाळी त्याने काय खाल्लं ते लिही. आबा म्हणाले, साहेब, त्याची काय गरज? तो म्हणाला, त्याची आई विचारील. "आन त्याला म्हाईत व्हतं बघ, पोरी. दोन पुऱ्या आन गुळाचा खडा. दोघांचंबी म्हाईत व्हतं. मी शेजारी झोपायचो, मला म्हाईत नव्हतं."

या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. डेहराडूनच्या अकादमीत शिकवतात की देश पहिला, हाताखालची माणसं त्यानंतर, आणि स्वतः सर्वांत शेवटी. वाचताना ते भारदस्त वाटतं. पण प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की कुणी काय खाल्लं ते ठाऊक हवं. गेल्या कॅम्पला मी तंबूची सिनिअर होते. एक मुलगी रात्रीचं जेवण ताटात तसंच ठेवून झोपायला गेली आणि मला ते दिसलं. कपाळाला हात लावला तर भाजत होतं. फायरिंगला नेणार नाहीत या भीतीने तिने ताप लपवला होता. तिला उठवून डॉक्टरांकडे नेलं. ती माझ्यावर रुसली, कारण दुसऱ्या दिवशी पॉइंट टू टू रायफल तिच्या हातात आली नाही. छोटी गोष्ट आहे. पण कॉलेजातली ही तीन वर्षं मला जे देऊ शकली ते असंच आहे, तुकड्यातुकड्यांनी. गणवेश, संचलन, नकाशावाचन हे सगळं एका बाजूला आणि कुणाचं ताट भरलेलं राहिलं हे दिसणं एका बाजूला.

एक गोष्ट मात्र सलते. आबांच्या पलटणीत मला जागा नाही. 1992 पासून मुली वैद्यकीय सेवेबाहेरही सैन्यात अधिकारी होतात. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा कायम कमिशनचा हक्क मान्य केला. 2023 मध्ये तोफखान्याचं दार उघडलं, आणि 2025 च्या मे महिन्यात खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून पहिल्या सतरा मुली मुलांच्या खांद्याला खांदा लावून संचलन करत बाहेर पडल्या. पायदळ मात्र अजून बंद आहे. मी सिग्नलमध्ये जाईन, इंजिनिअर्समध्ये जाईन, नशीब असेल तर तोफखान्यात. गळ्यात शिवरायांचं नाव घेऊन धावणाऱ्या त्या पलटणीत नाही. आबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. म्हणाले, "तोफा पाठीमागं असल्या की पायदळाला झोप लागती." एवढंच. मला ते पुरलं नाही, अजून पुरत नाही. हे दारही उघडायला हवं, आणि बाहेर उभं राहून ते उघडणार नाही, असं मला वाटतं.

निवड मंडळाची पाच दिवसांची परीक्षा मी समजून घेतली आहे. छातीवर नंबर येतो, नाव मागे पडतं. भिंतीवर शब्द उमटतो आणि पंधरा सेकंदांत त्यावरून वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. धूसर चित्रं बघून गोष्टी लिहायच्या. मग मैदानावर फळ्या, दोर, पिंपं देऊन अडथळे पार करायला सांगतात, आणि गटाला पुढारी नसतो. बघणारे कोपऱ्यात उभे असतात. कोण ओरडतं ते बघतात, आणि कोण दुसऱ्याचं ऐकतं तेही. क्लासवाले शिकवतात की उत्तरं कशी 'अधिकाऱ्यासारखी' द्यायची. मला ते शिकायचं नाही. माझ्यात ते नसेल तर त्यांनी मला परत पाठवावं. अभिनय करून मिळवलेल्या ताऱ्यांखाली कुणाचा तरी भाऊ उभा असणार आहे.

आईला मी सगळ्यांत शेवटी सांगितलं. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा आजीने तिला फौजी घरातल्या बाईचं शहाणपण शिकवलं होतं: पोस्टमन दिसला तर दारात धावायचं नाही, आधी हातातलं काम पुरं करायचं. वडील सैन्यात गेले नाहीत, म्हणून आईला ते वापरावं लागलं नाही. ती भाकरी थापत होती. तिने मला भीतीचं काही विचारलं नाही, लग्नाचंही नाही. तिने विचारलं, "आबांच्या त्या साहेबासारखं, पोरांच्या आयांना पत्रं तुलाच लिहावी लागतील का?"

मी म्हणाले, "हो. वेळ आली तर मलाच."

"लिहिशील?"

या प्रश्नाला तयार उत्तर माझ्याजवळ नव्हतं. इतके दिवस मी दिलेल्या हुकमाचा विचार करत होते आणि तिने एका वाक्यात मला त्याच्या पलीकडे नेऊन बसवलं. मी त्या पत्राचा विचार केला. त्यात काय लिहावं लागेल, आणि ते लिहिता यावं म्हणून आधी किती दिवस, किती रात्री, किती ताटांकडे बघावं लागेल. आणि माझ्याऐवजी ते पत्र असा कुणीतरी लिहील ज्याला ते ठाऊकच नसेल, हे मला सहन होईना.

"लिहीन," मी म्हणाले. "मराठीत लिहावं लागलं तर दुसऱ्या कुणाला बसवावं लागणार नाही."

तव्यावरची भाकरी तिने उलटली. जाहिरात आली की मी अर्ज भरणार आहे, हे त्या रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं. चुलतभावाने माझ्या धावण्याची वेळ लावायची जबाबदारी घेतली. वडिलांनी विचारलं, मुलाखत कुठे असते? बहुतेक भोपाळला, मी म्हणाले. ते म्हणाले, गोवा एक्स्प्रेस सातारहून थेट भोपाळला जाते, बेळगाववरूनच येते ती, तिकीट आधी काढून ठेवायला हवं.