उजव्या खिडकीतलं गाव

मुंबईहून नागपूर हवाई मार्गाने सुमारे 680 किलोमीटर. तिकिटावर दीड तास लिहिलेला असतो. अर्धी वाट सरली की मी पुस्तक मिटतो आणि काचेला कपाळ टेकतो. खाली बुलढाणा जिल्हा सुरू झालेला असतो. चिखली डावीकडे राहते. उजवीकडे काळ्या रानातून पैनगंगेची वळणं दिसू लागतात, मेहकर येतं आणि त्याच्या पलीकडे लोणार. पावणेदोन किलोमीटरहून रुंद असलेलं ते विवर तेवढ्या उंचीवरून ताकाच्या वाटीएवढं दिसतं.

माय तिथेच असते, मेहकरजवळच्या आमच्या गावी. निघताना मी फोन करतो. "किती वाजता निंगतं इमान?" ती विचारते आणि अंदाज बांधून अंगणात येऊन उभी राहते. त्या वाटेने विमानं पुष्कळ जातात. माझं कोणतं, हे तिला कळण्याची सोय नाही. ती आपली एक निवडते आणि दिसेनासं होईस्तोवर त्याच्याकडे बघत राहते.

सहा-सात मिनिटांत जिल्हा सरतो. मग नागपूर, कचेरीचं काम, आणि दुसऱ्या दिवशी समृद्धी महामार्गाने जवळपास तीनशे किलोमीटर उलट पश्चिमेला. जिच्या डोक्यावरून आलो, तिला भेटायला एवढं मागे फिरावं लागतं. आमच्याकडे प्रवासी विमान उतरत नाही. रेल्वे आहे ती उत्तरेला, मलकापूर, नांदुरा, शेगावकडे. खामगाव-जालना मार्गाची मागणी तर इंग्रजांच्या काळापासूनची. समृद्धी 2022 च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि मेहकरहून नागपूर चार तासांवर आलं. हे मोठं काम झालं, मी ते मनापासून मानतो. पूर्वी दवाखान्यासाठी नागपूरला जायचं तर रात्र बसमध्येच जायची.

आजोबा एका वेगळ्याच विमानाची गोष्ट सांगायचे. 1949 पासून टपालाची विमानं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री निघत, मध्यरात्री नागपुरात भेटत, थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. आजोबा रात्री ज्वारीच्या राखणीला माळ्यावर असत. आवाज पूर्वेला गेला की एक झोप काढायची आणि परत आला की उठायचं, असं त्यांचं घड्याळ होतं.

आणि याच मुलखातून शेगावच्या गजानन महाराजांची पालखी जाते. पंढरपूरला पोचायला तिला महिनाभर लागतो. परतीला ती लोणारहून मेहकरकडे येते, तेव्हा माय रस्त्यावर पाणी घेऊन थांबते. वारकऱ्याला ती गाव विचारते, पाय दुखतात का विचारते, लेकरंबाळं विचारते. लोणार-मेहकर हे अंतर विमानातून एका नजरेत मावतं. पालखी मुक्काम करत येते, आणि मायला वाटेवरची माणसं भेटतात.

नागपूरच्या विमानात बसाल तेव्हा उजवीकडची खिडकी मागून घ्या. अर्धी वाट सरली की खाली बघा. आभाळ निवळ असेल तर लोणार दिसेल. त्याच्या अलीकडे मेहकर, आणि तिथल्या एका अंगणात माय वर बघत उभी असेल.