पपईचा जर्मन केक

जर्मनीत घरोघरी एक साधा केक होतो. नाव ‘ओब्स्टकूखेन’, ओब्स्ट म्हणजे फळ, कूखेन म्हणजे केक. अंडी, साखर नि मैदा फेटून स्पंजासारखा केक भाजायचा आणि निवल्यावर त्यावर हंगामाचे फळ मांडायचे. तिकडे स्ट्रॉबेरी, चेरी. आमच्या म्हसावदला काय? अर्थात पपई! शहादा तालुक्यात पपईला तोटा नाही. तोटा होतो तो पिकवणाऱ्याला. ट्रकमध्ये चढते ती कच्चट पपई. झाडावर पिकलेली दूरच्या प्रवासात टिकत नाही. ती बांधावरच पडून राहते.

आजीच्या स्वयंपाकघरात अंडे चालत नाही. म्हणून अंगणातल्या चुलीवर पातेल्यात वाळू तापवली, आत केकचा डबा ठेवला आणि झाकणावर निखारे घातले. केक छान फुगला. पपईतले पेपेन जिलेटिनची जेली जमू देत नाही. म्हणून साखरपाण्यात कॉर्नफ्लॉवर शिजवून फोडींवर त्याचा तकतकीत थर ओतला.

अप्पांनी घास घेतला. थोडा वेळ गप्पच होते. मग म्हणाले, “इतकी वर्षं पपई विकली पोरी, पण पाहुण्यापुढे मांडावी असं कधी वाटलं नव्हतं.”

केकने कर्ज फिटत नाही, हे मलाही कळते. पण हल्ली बांधावरच्या दोन-चार पपया घरी येतात, आणि आजी हळूच विचारते, “बिनअंड्याचा होतो का गं?”