वालधुनीच्या उगमाकडे

उल्हासनगरात रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आधी कॅम्पचा आकडा सांगावा लागतो, एक ते पाच. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथे लष्करी छावणी उभारली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्याच बराकी मिळाल्या, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. बायकांनी घरात पापड लाटले, पुरुषांनी रस्त्यावर माल विकला. आज कॅम्प पाचकडच्या गल्ल्यांतून जीन्सचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले कामगार धक्के मारत पुढे जातात. सर्वस्व गमावून आलेल्यांनी उभा केलेला हा बाजार पाहून माझी मान आदराने झुकते.

मात्र नगराला नाव उल्हास नदीचं, आणि वस्तीतून वाहते ती वालधुनी. पुलावर थांबलो, खाली काळं, फेसाळ पाणी. त्याच पाण्याच्या उलट्या दिशेने अंबरनाथला निघालो.

शिवमंदिर याच वालधुनीच्या काठी आहे. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा शिलालेख. राजा शिलाहार माम्वाणी. काळ्या दगडाच्या भिंतीवर हाताएवढी मोकळी जागा सापडत नाही, आणि गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. बराच वेळ मी बाहेरूनच प्रदक्षिणा घालत राहिलो. ज्यांनी हे घडवलं त्यांनी नदी पाहून जागा निवडली असणार. नंतर इथे विम्कोचा काडेपेटी कारखाना आला, आयुध निर्माणी आली, मग एमआयडीसी. हजारो घरं त्यांवर चालली. नदीची किंमत मात्र कुणी मोजली नाही.

बदलापूर पुढचंच स्टेशन. २००१ साली लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ला पावणेदोन लाखांच्या घरात गेली. मुंबईत घर परवडेना म्हणून माणसं इथवर सरकली. परळची चाळ सोडून आलेले एक काका स्टेशनबाहेर भेटले. "हवा चांगली, पाणी चांगलं, म्हणून आलो," म्हणाले. २०१९च्या जुलैत त्यांचा तळमजला बुडाला. त्याच पुरात बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. उल्हासच्या काठाने चालत गेलो, तर पूर चढला होता त्याच सखल भागात नव्या इमारतींचे पाये खणले जात होते.