एकाच चालीची दोन राष्ट्रगीतं

शुक्रवारी दुपारी हेलसिंकीच्या वेस्ट टर्मिनलवर टालिनच्या बोटीसाठी उभ्या असलेल्या लोकांत दोन तऱ्हा लगेच ओळखू येतात. काही फिनिश मंडळी घडीच्या रिकाम्या ट्रॉल्या घेऊन निघालेली असतात. परतताना त्याच ट्रॉल्यांवर बिअरचे खोके रचलेले दिसतात, कारण फिनलंडमध्ये दारूवरचा कर जबर आहे आणि कडक दारू १९३२ पासून सरकारी ‘आल्को’च्या दुकानातच मिळते. दुसरी तऱ्हा एस्टोनियन कामगारांची. बुटांवर सिमेंट वाळलेलं, पाठीला सॅक. आठवडाभर फिनलंडमध्ये बांधकामावर राबायचं आणि सुट्टीला घरी जायचं. मधे फिनलंडचं आखात, रुंदी सुमारे ८० किलोमीटर, बोटीने दोन तास.

हेलसिंकीजवळच्या एस्पूला माझी भाची आणि जावई आयटीत नोकरी करतात. त्यांच्याकडे राहून मी ही बोट पकडली ती एका कुतूहलापोटी. फिनिश आणि एस्टोनियन या सख्ख्या बहिणी शोभाव्यात इतक्या जवळच्या भाषा. हवा तीच, बर्चची झाडं तीच, सौनाचं वेड तेच. तरी दोन्हीकडे राहून आलेली माणसं सांगतात की ही दोन राष्ट्रं स्वभावाने अगदी निराळी आहेत. ते का, हे मला जाऊन बघायचं होतं.

बोटीवर माझ्यासमोर पन्नाशीचा एक एस्टोनियन सुतार येऊन बसला. इंग्रजी बेताचं, पण बोलायची हौस दांडगी. फिनलंडमधल्या साइटवर सामूहिक करारातले दर सगळ्यांना लागू होतात, परदेशातून आलेल्यालाही, हे त्याने फार समाधानाने सांगितलं. कॉफीची सुट्टीसुद्धा त्या करारात लिहिलेली असते. ‘‘मुकादम स्वतः येऊन सांगतो, हातोडा ठेवा, कॉफी घ्या. आमच्याकडे काम संपलं की कॉफी.’’ फिनिश लोक आवडतात का, असं विचारलं. तो थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिला. म्हणाला, ‘‘चांगले आहेत. त्यांना घाई नाही. आम्हाला आहे.’’

त्याचं हे बोलणं पुढे सगळ्या प्रवासात माझ्या डोक्यात राहिलं.

फिनिश माणसाची निवांतता मी आधीच बघून आले होते. भाचीच्या इमारतीत तळमजल्यावर सगळ्यांची मिळून एक सौना आहे. नोटीस बोर्डावर तक्ता लावलेला असतो आणि प्रत्येक घराला आठवड्यातला आपला ठरलेला तास. तक्ता रंगाने फिका पडलेला, कोपरे दुमडलेले, पण त्यावर कुठेही खाडाखोड नव्हती. वेळ संपायच्या आत आधीचं कुटुंब बाहेर पडतं, बाकडी धुऊन ठेवतं आणि कोणी कोणाला काही सांगत नाही. आपल्या सोसायट्यांतल्या सर्वसाधारण सभा आठवून मी त्या तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिले.

पण ही निवांतता बेफिकिरी नव्हे. हेलसिंकीच्या पूर्वेला इताकेस्कुस मेट्रो स्टेशनजवळ खडकाच्या पोटात खोदलेला जलतरण तलाव आहे. आज्या पोहतात, मुलं घसरगुंडीवरून पाण्यात उड्या मारतात. युद्धाची वेळ आली तर तोच तलाव ३,८०० माणसांचा आसरा होतो. देशभरात असे ५० हजारांवर आसरे आहेत आणि त्यांत सुमारे ४८ लाख माणसं मावतात. लोकसंख्या आहे ५६ लाख. संकटाची तयारी त्यांनी रोजच्या जगण्यात इतकी मुरवून टाकली आहे की तिची भीती वाटेनाशी झाली आहे. जागतिक आनंद अहवालात फिनलंड २०१८ पासून सलग पहिला येतो, तेव्हा लोक सरोवरं आणि जंगलं यांचे फोटो छापतात. मी संपादक असते तर या तलावाचा छापला असता.

टालिनमध्ये मी कालामाया भागात राहिले. रेल्वे स्टेशनच्या पलीकडची ही जुनी कोळी आणि कामगारवस्ती, दुमजली लाकडी घरांची. घरमालकीणबाई साठीच्या पुढच्या. काळी राय ब्रेड आणि लोणी पुढे करत त्यांनी विचारलं, ‘‘हेलसिंकीहून आलात? मला फिनिश चांगलं येतं. टीव्हीने शिकवलं.’’ सोव्हिएत काळात हेलसिंकीचं दूरदर्शन टालिनच्या घराघरांत दिसायचं. अँटेना तिकडे वळवायची आणि सेटमध्ये एक जादा भाग बसवून घ्यायचा. पोरांना बातम्यांपेक्षा जाहिरातींचं आकर्षण. दुकानातली ती फळं, ते कपडे खरे असतील का, यावर त्यांच्या वर्गात वाद व्हायचे. ‘‘मग फिनिश पर्यटक यायला लागले. आम्ही त्यांच्या पायातले बूट बघायचो. बूट बघून कळलं, टीव्ही खोटं बोलत नाही.’’

आणि प्रसारण संपताना फिनलंडचं राष्ट्रगीत वाजायचं. इथे बाईंचा आवाज जरा बदलला. दोन्ही देशांच्या राष्ट्रगीतांची चाल एकच आहे. जर्मनीत जन्मलेल्या फ्रेडरिक पासिउस या संगीतकाराने ती १८४८ मध्ये बांधली. एस्टोनियन शब्द १८६९ सालच्या पहिल्या गीत महोत्सवात गायले गेले. सोव्हिएत राजवटीत ते गीत म्हणायला बंदी होती, पण शेजारच्या देशाच्या वाहिनीवर वाजणारी चाल कोण अडवणार? बाईंची आजी त्या वेळी खुर्चीतून उठून उभी राहायची. तिची बहीण मार्च १९४९ मध्ये सैबेरियाला नेलेल्यांपैकी होती. त्या काही दिवसांत एस्टोनियातून वीस हजारांहून अधिक माणसं मालगाड्यांत भरली गेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं.

दुसऱ्या महायुद्धाआधी या दोन देशांच्या राहणीमानात फारसं अंतर नव्हतं. १९३९ च्या शरद ऋतूत मॉस्कोने दोघांकडेही मागण्या ठेवल्या. एस्टोनियाने २८ सप्टेंबरला लष्करी तळ देण्याच्या करारावर सही केली आणि पुढच्या वर्षी देशच गिळला गेला. फिनलंडने नकार दिला, १०५ दिवस लढलं, देशाचा दहावा हिस्सा गमावला, चार लाखांवर निर्वासितांना घरं दिली; पण राज्य हातचं गेलं नाही. याचा अर्थ एक शूर आणि दुसरा भित्रा, असा मी लावत नाही. अकरा लाखांचा सपाट देश आणि सदतीस लाखांचा जंगलांचा देश यांना एकाच मापाने मोजणं अन्याय होईल. पण पुढच्या पन्नास वर्षांत एका काठावर शाळेतलं मोफत जेवण, बाळंतिणीला बाळाच्या सामानाची सरकारी पेटी आणि वाचनालयं उभी राहिली आणि दुसऱ्या काठावर माणसांच्या फायली.

त्या फायलींची एक खोली बघता येते. विरू हॉटेल फिनिश कंत्राटदारांनीच बांधलं, १९७२ मध्ये उघडलं. लिफ्टमध्ये बावीस मजल्यांचीच बटणं होती. तेविसाव्या मजल्यावर ‘इथे काही नाही’ अशी पाटी लावलेल्या दाराआड केजीबीची माणसं पाहुण्यांच्या खोल्यांतलं बोलणं ऐकत बसायची. आता तिथे संग्रहालय आहे. पळून जाताना मोडून टाकलेली रेडिओ यंत्रं, टेबलावर टेलिफोन, राखेचं भांडं.

त्या रात्री मी हे बाईंना सांगितलं, तर त्यांनी काही न बोलता लॅपटॉप उघडला. ओळखपत्र यंत्रात घातलं, पिन टाकला आणि स्वतःचं सरकारी खातं मला दाखवलं. त्यात एक यादी होती: त्यांची माहिती कोणत्या खात्याने, कोणत्या तारखेला, कशासाठी उघडली. दवाखाना. औषधाचं दुकान. नगरपालिका. ‘‘पूर्वी माझी फाईल होती आणि ती मला बघता येत नव्हती. आता माझी फाईल कोणी बघितली ते मला दिसतं.’’

एस्टोनियाच्या डिजिटल कारभाराचं कौतुक मी बरंच वाचलं होतं. २००५ पासून इंटरनेटवर मतदान, २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मतं तिथूनच, काही मिनिटांत भरलं जाणारं करविवरण. मी ते सगळं तंत्रज्ञानाची आवड म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या लॅपटॉपसमोर बसल्यावर मला त्यामागची माणसं दिसली. एकदा देश गमावलेल्यांनी तो पुन्हा गमावू नये म्हणून केलेली ही बांधणी आहे. २०१७ मध्ये त्यांनी लक्झेंबर्गशी करार करून राज्याच्या महत्त्वाच्या नोंदींची प्रत तिथे ठेवायची व्यवस्था केली. उद्या भूमी गेली तरी सातबारा, नागरिकत्व, कायदे शिल्लक राहतील. सुताराची घाई इथून आलेली आहे. फिनिश माणूस राज्यावर भार टाकून निश्चिंत होतो. एस्टोनियन माणूस राज्यावर डोळा ठेवून.

या सावधपणाची एक कठोर बाजूही आहे. बसने लास्नामाएला गेले. सोव्हिएत काळातल्या पॅनेलच्या इमारती, एक लाखाहून जास्त वस्ती, बहुसंख्य रशियन बोलणारे. १९९१ नंतर ज्यांचे पूर्वज १९४० च्या आधीचे नागरिक नव्हते त्यांना भाषेची परीक्षा देऊन नागरिकत्व घ्यावं लागलं. हजारो लोक अजून राखाडी पासपोर्टवर आहेत, कुठल्याच देशाचे नाहीत. २०२४ पासून शाळाही टप्प्याटप्प्याने पूर्णपणे एस्टोनियन माध्यमाच्या होत आहेत. हेलसिंकीत मात्र प्रत्येक रस्त्याची पाटी फिनिश आणि स्वीडिश अशा दोन भाषांत असते. स्वीडिश बोलणारे आहेत पाच टक्के, ती भाषाही सहा शतकांच्या परकीय सत्तेची. तरी तिला राज्यभाषेचा मान आहे. माझं बालपण निपाणीत गेलं, पाट्यांवरच्या भाषेने माणसाला काय होतं ते मला कोणी समजावून द्यायला नको. सैन्याबरोबर आलेली भाषा एस्टोनियन मनाला सलते, हे मला पटतं. पण बस स्टॉपवर आजीचं बोट धरून उभी असलेली ती मुलगी इथेच जन्मलेली होती.

एका बाबतीत हिशेब अगदी उघड आहे. फिनलंडमध्ये सरासरी आयुर्मान सुमारे ८२ वर्षं, एस्टोनियात सुमारे ७९. गमावलेल्या पन्नास वर्षांचं व्याज अजून असं वसूल होतंय. म्हातारपण काढायचं तर मी फिनलंडमध्ये काढीन, यात मला शंका नाही.

एस्पूला परतल्यावर जेवताना हे मी बोलून दाखवलं, तर भाची उसळलीच. जावई स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढायच्या विचारात आहे. एस्टोनियात नफा कंपनीतच ठेवला तर २००० सालापासून त्यावर कर नाही. नफा वाटला तरच कर. ‘‘मावशी, तू म्हातारपणाचं बघतेस. आम्हाला अजून पंचवीस वर्षं काम करायचंय.’’

मी म्हटलं, तुमची मुलगी सात वर्षांची आहे, ही शाळा सोडून कुठे नेता तिला?

‘‘शाळेचं म्हणशील तर तेच पुढे आहेत,’’ जावयाने सांगितलं. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय पिसा चाचणीत गणितात एस्टोनियाच्या मुलांना ५१० गुण, फिनलंडच्या मुलांना ४८४. एकेकाळी सगळं जग ज्या शाळा बघायला येत होतं, त्यांना शेजाऱ्याने मागे टाकलं होतं. यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. एवढंच सांगितलं की निर्णय घ्यायच्या आधी शाळा चालू असताना दोघं जाऊन वर्गात बसून या, आणि एक शाळा लास्नामाएमधली बघा.