धातू

आपल्या भाषेत ‘धातू’ हा शब्द तीन घरी नांदतो. व्याकरणात तो क्रियापदाचे मूळ, आयुर्वेदात देह धारण करणाऱ्या सातांपैकी एक (त्यांत अस्थीही आली), आणि तिसरा खाणीतला. वर्गात ही तिन्ही घरे मी वर्षानुवर्षे दाखवीत आलो. त्यांतली दोन एकाच देहात पाहण्याची वेळ वडिलांच्या एक्स-रेने आणली.

अण्णा दिंडोरीचे द्राक्षबागायतदार. नऊ वर्षांपूर्वी गोडी छाटणीच्या दिवसांत ते बागेत घसरून पडले आणि मांडीच्या हाडावर पोलादी पट्टी बसवावी लागली. हाड जुळले, अण्णा पुन्हा मांडवाखाली हिंडू लागले. गेल्या वर्षी पट्टी सलू लागली म्हणून नाशिकला दाखवले, तेव्हा तिच्याखालचे हाड विरळ झालेले दिसले. डॉक्टर म्हणाले, “भार पट्टीच वाहत होती. हाडाला काम उरले नाही.”

हाड जिवंत असते. भार पडतो तेथे ते भरते, भार हटतो तेथे झिजते. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम ग्रंथरूपाने मांडला. ताठरपणा गिगापास्कलमध्ये मोजतात: हाडाच्या बाह्य कवचाचा १० ते ३०, पोलादाचा सुमारे २००. टायटॅनियममध्ये ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम घातलेला मिश्रधातू ११०च्या आसपास येतो. तो मुळात विमानांसाठी घडवलेला; देहात आला पाहुणा म्हणून. पुढे व्हॅनेडियमच्या विषारीपणाची शंका आली, तेव्हा त्याच्या जागी नायोबियम घालून पाहिले. नायोबियम, टँटॅलम आणि झिर्कोनियम यांच्या मिश्रणांनी तर ताठरपणा ६०च्या घरात आणला. धातुशास्त्र म्हणजे अधिकाधिक कठीण काही शोधणे, अशी आपली भाबडी समजूत. येथे सारा खटाटोप धातूला नमते घ्यायला शिकवण्याचा आहे, आणि तेही वर्षाला लाखो पावले सोसून तो तुटणार नाही अशा बेताने. मला यात भाषांतरकाराची अडचण दिसते. पण ते असो.

दुसरी गोष्ट जुळण्याची. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून रक्ताभिसरण न्याहाळत होते. काम संपल्यावर नळी निघेना. हाड तिला घट्ट बिलगले होते. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढतो, आणि देहाशी गाठ पडते ती या थराची.

हे मी अण्णांना सांगितले. त्यांनी फारसे नवल केले नाही. आमच्या बागेत डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनचे कलम आहे. ते म्हणाले, “धरलं म्हणजे झालं असं नाही. सांध्यापाशी बघ, वरचं खोड जाड, खालचं बारीक. दोघांची वाढ सारखी नसते.” त्या सांध्यावरची गाठ मी लहानपणापासून पाहत आलो आहे, तिचा अर्थ मात्र त्या दिवशी ऐकला.

पट्टी काढायची की राहू द्यायची, हे अजून ठरायचे आहे. काढली तर स्क्रूंची भोके भरून येईपर्यंत हाड पुन्हा मोडण्याचे भय. ठेवली तर ते आणखी विरळ होण्याचे. पोलाद काढून टायटॅनियमची पट्टी बसवावी का, असे मी विचारले, तर जुळलेल्या हाडाला नवी पट्टी कशाला, असे डॉक्टर म्हणाले. काही महिने काठी घेऊन थोडा थोडा भार टाकायचा, हाडाला काम द्यायचे. अण्णांचा प्रश्न एकच होता: एप्रिलच्या खरड छाटणीला बागेत उभे राहता येईल का?

डॉक्टरांनी काठी किती उंचीची घ्यावी ते लिहून दिले.